अडवलेली दुपार

नेटवर्कवर कोणत्या वेळी काय अडवायचं, याचे नियम लोकांना कळतील असे स्क्रीनवर मांडून देणं, हे सुनेचं पोटापाण्याचं काम. वर्षानुवर्षं तेच चौकोन आणि तीच बटणं इकडून तिकडे सरकवून तिचं डोकं पार पिकलं होतं. आपली स्क्रीन मोकळी असते, हा तोरा मात्र शाबूत होता. 'हा नियम सामायिक आहे, बदललात तर सगळ्यांचाच बदलेल' ही ओळ तिनेच भांडून काढायला लावली होती. लोक काय दूधखुळे आहेत, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी नवी स्क्रीन वापरून बघायला एक निवृत्त नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी बटणाजवळ बोट नेलं आणि तसंच धरून ठेवलं. मी हे दाबलं तर कुणाकुणाचं अडतं, असं त्यांनी विचारलं. सुनेने घोकलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला घरचा राउटर आठवला.

मुलाची परीक्षा जवळ आली म्हणून घरच्या राउटरवर तिने दुपारचे व्हिडिओ अडवले होते. मुलाच्या टॅबलेटपुरते, असं तिने धरलं होतं. पण तो नियम अख्ख्या घराचा होता, व्हिडिओ कॉलही त्यात अडत होते. आणि दुपारी घरात मुलाखेरीज असायच्या त्या फक्त सासूबाई, परदेशातल्या लेकीशी रोज व्हिडिओवर बोलणाऱ्या. बोलणं कसलं, भांडणच. भाजीतल्या मिठापासून जावयाच्या आळशीपणापर्यंत मायलेकी कडाकडा भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधीच फोन हातात घेऊन बसायच्या. रविवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर मात्र नुसती खुशाली व्हायची. सासूबाई हल्ली गप्प असतात, हे सुनेला दिसत होतं, पण कामावरून आल्यावर कारण विचारायचं त्राण तिच्यात उरत नसे.

घरी येऊन तिने आधी नियम काढला, मग सगळं कबूल केलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. फोन नुसता गरगरत राहायचा, कुणी अडवलंय असं कुठे लिहून येत नव्हतं, एवढंच म्हणाल्या.

"मग मला विचारलं का नाही, आई?"

"काय विचारायचं? माझी लेक दुपारी माझा फोन घेत नाही, हे सुनेला सांगू? मला वाटलं, कंटाळली माझ्या कटकटीला."

सुनेला रडूच आलं. अडवणाऱ्याच्या सोयीसाठी तिने एवढी बटणं घडवली होती, आणि अडलेल्या माणसाला दिसेल अशी एक ओळही कुठे नव्हती. तिने नणंदेलाही कळवलं. आई शेवटच्या भांडणावरून रुसली, असं नणंदेने धरलं होतं. काही दिवस प्रयत्न करून मग तिनेही हट्टाने सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून घरीच राहिली. दुपारी फोन लागला. ती स्वयंपाकघरात कान देऊन उभी होती. आता दोघी मिळून आपल्या नावाने खडे फोडणार, अशी तिची तयारी होती. फोडावेत, असं तिला मनापासून वाटत होतं.

"बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"मीही बरी."

मग लेकीने हवेबद्दल काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी हो हो म्हटलं.

"ठेवू का मग?" सासूबाई म्हणाल्या. "तुला कामं असतील."

लेकीला असं विचारताना सुनेने त्यांना आजवर कधी ऐकलं नव्हतं.