खिशातली आई

एका शुक्रवारी आमच्या सुबीनं तिच्या आईला बोटानं बाजूला सारलं.

सुबी चार वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी बायको रेस्टी, आखातात एका घरी कामाला आहे. ती गेली तेव्हा सुबी नुकती चालायला लागली होती. रेस्टीला फक्त शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल करायची मुभा, आणि नेमका तेव्हा मी नाटेटेच्या बाजारात वळणावर माझ्या खाण्याच्या गाडीवर उभा असतो. रोलेक्स करतो, अंडं घालून गुंडाळलेली चपाती. तेव्हा मी फोन उचलायचा, "घे, आई" म्हणून सुबीच्या हातात द्यायचा आणि तव्याकडे वळायचं, अशी आमची पद्धत पडली होती. त्या दिवशी सुबी त्याच फोनवर टोपीवाल्या डुकराचं कार्टून बघत होती. मी तिच्या हातातच कॉल उचलला आणि डुकराच्या जागी आई आली. तिनं आई सारली आणि डुक्कर परत आणलं.

मी फोन हिसकावून घेतला.

"नेट गेलं होतं गं," मी रेस्टीला म्हणालो.

"नेट नाही गेलं, सुबीचे बाबा. मी तिचं बोट येताना बघितलं."



बालवाडीतल्या टीचर प्रॉसी शनिवारी आईबापांचा वर्ग घेतात. आजवर मी तिकडे फिरकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गेलो. सगळ्या बायका आणि त्यात मी एकटा बाप्या, बुड मावत नाही असल्या इवल्याशा खुर्चीवर. टीचर म्हणाल्या, मूल फोन मागेल तेव्हा लगेच देऊ नका, लगेच ओरडूही नका. आधी एक सावकाश श्वास घ्या आणि आपल्याला आत काय होतंय ते बघा.

"टीचर, माझ्यासमोर कोळशाची शेगडी असते," मी म्हणालो. "श्वास घेतला की धूर जातो."

"मग धुराचा घ्या. पण बघा."

बायका फिदीफिदी हसल्या. जाताना टीचरनी मला थांबवून सांगितलं, काही आठवडे फोनचा पडदा पोरीच्या नजरेलाच पडू देऊ नका. मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, जन्मल्यापासून श्वास घेतोय, त्याची शिकवणी लावायची वेळ आली आता.

सोमवारी सुबीनं माझा एप्रन ओढला. "फोन."

मी श्वास घेतला. खरं सांगतो, मला रडूच यायला लागलं. फोन दिला नाही तर ही माझ्याशी बोलणार, आणि बोलली की आई कधी येणार ते विचारणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. भर बाजारात, गिऱ्हाइकं उभी असताना, मला इतकं एकटं वाटलं की पलटायची चपाती तव्यावर तशीच राहिली.

"नाही," मी म्हणालो.

मग जे भोकाड पसरलं पोरीनं! शेजारी टोमॅटो विकणारी नालोंगो टोपलीवरून वाकली. जुळ्यांची आई, म्हणून सगळे मानानं तिला नालोंगोच म्हणतात. तोंडाची मात्र फटकळ.

"पोरीला तळतोयस की काय रे कासिर्ये?"

"फोन मागतेय."

"फोननं वाढवलीस, आता जावईपण फोनच बघ."

मी सुबीला कणकेचा गोळा दिला. तिनं तो फेकला. दुसरा दिला. मंगळवारी तोही फेकला. बुधवारी मात्र ती गोळा मळत नालोंगोच्या टोपलीशी बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐकत राहिली. आणि तिनं विचारलंच.

"बाबा, आई कधी येणार?"

"मला माहीत नाही गं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि कणकेला भोकं पाडायला लागली. मी मेलो नाही. तव्याकडे वळून चपाती पलटली.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी गाडीमागे गेलो आणि रेस्टीला सांगून टाकलं, आजपासून नुसता आवाज. काही आठवडे चित्र नाही.

ती म्हणाली, "मी इथं दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालते, भरवते, झोपवते. आणि माझं एक पोर मला बघायचंपण नाही?"

"तिला दिसतेस तेव्हा तू त्या कार्टूनमधल्या डुकरासारखीच एक असतेस. बोटानं जाणारी."

हे बोलायला नको होतं. पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू आलं. पण मी शब्द मागे घेतला नाही.

"ती मला विसरेल."

"मला तीच भीती आहे, रेस्टी. म्हणूनच."

 मग हळूच, "फोन कुठे ठेवणार?"

"शर्टाच्या खिशात. वरून एप्रन."

फोन खिशात घातला, आवाज मोठा केला आणि सुबीसमोर उकिडवा बसलो. "सुबी," माझ्या छातीतून तिची आई म्हणाली.

सुबीनं एप्रनकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मग ती जवळ आली आणि माझ्या छातीला कान लावला.

आणि एकदम मागे होऊन तिनं जमिनीवर दोन्ही गुडघे टेकले, आमच्या पोरींनी मोठ्यांपुढे टेकायचे असतात तसे.

"आई, बरी आहेस?"

"बरी आहे बाळा. तू?"

"बरी. म्म."

आमच्याकडे विचारपूस अशी झटकन उरकत नाही. शब्द संपले की हुंकार सुरू होतो. हा म्म, तो म्म, पुन्हा हा. मी अजून तुझ्यापाशी आहे, एवढंच त्यात असतं. दोघांतलं एक थांबलं की भेट संपते. सुबीला हे मी कधी शिकवलं नव्हतं. दोन-तीन दिवस नालोंगोच्या टोपलीशी बसून तिनं ते उचललं होतं.

"म्म," रेस्टी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

"म्म," सुबी.

"म्म."

माझ्या बरगड्यांत तो हुंकार घुमत होता. मी हललो नाही. आजवर मी फोन पोरीच्या हातात देऊन मोकळा व्हायचो. बायकोचा आवाज इतक्या जवळून मी किती दिवसांत ऐकला नव्हता, ते मला तेव्हा कळलं.

मग सुबीला कंटाळा आला. ती उठली आणि आपल्या कणकेकडे गेली. खिशातून रेस्टीचं चालूच होतं. म्म. जरा थांबून पुन्हा म्म. ती वाट बघत होती. मला सांगवेना. शेवटी मीच म्हणालो, "म्म."



"गेली ना ती?"

"कणीक मळतेय."

"हं." मग ती म्हणाली, "मग तुम्ही तरी थांबा."

मी तिथंच, गाडीमागे, खाली बसलो. ती म्म म्हणाली, मी म्म म्हणालो. तव्यावरून जळका वास आला आणि नालोंगोनं मला शिवी हासडली. पलीकडे कुणीतरी रेस्टीला मोठ्यानं हाक मारली. तरी ती म्म म्हणाली. पुन्हा हाक आली आणि फोन बंद झाला.

माझी पाळी होती. मी म्हणालो, "म्म."