मनकवडा

सुयशचं कौतुक करताना प्रतिभाबाईंचं तोंड दुखायचं नाही. "मनकवडा जावई मिळाला गं बाई," असं त्या भेटेल त्याला सांगत सुटायच्या. आणि खोटं तरी काय होतं त्यात? त्यांची लेक दिशा घरात बसून आईला म्हणाली, शालू जांभळाच हवा, तर दुसऱ्या दिवशी सुयशकडून जांभळ्या शालूंचे फोटो हजर. तिचा घसा बसला, तर सकाळी सकाळी याचा फोन, "काढा घेतलास का?" पोरगा सायखेड्याचा, नोकरी पुण्यात, आणि गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला, फुलांच्या मळ्यातल्या घरात कोण शिंकलं ते याला ठाऊक! सुरुवातीला दिशाही हरखून गेली. का नाही हरखणार? न सांगता मनातलं ओळखणारा माणूस कुणाला नको असतो?

पण अति तिथं माती. एकदा तिचा आतेभाऊ ललित घरी येऊन गेला. ललितचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, स्वभावानं बडबड्या. चहा पिता पिता दोघं लहानपणीच्या भांडणांवरून खिदळले, एवढंच. संध्याकाळी सुयश फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आतेभावाबरोबर इतकं हसू नये दिशा. मामाच्या मुलीवर त्यांचा हक्क असतो म्हणतात. लोक नाही नाही ते अर्थ काढतात."

दिशाच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात तेव्हा ती, ललित आणि आई, तिघंच होते. तिनं आईला विचारलं, "तू सांगितलंस त्याला?"

"मी कशाला सांगू? मला मेलीला त्याच्याशी काय बोलावं तेच सुचत नाही," आई म्हणाली.

दिशा एका बिल्डरसाठी घरांचे नकाशे काढायची. तिचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता, आणि या घराचा सगळा संसार त्याच खोलीत चालायचा. आई तिथं हार ओवायला बसायची, वडील, म्हणजे पुंजारामभाऊ, मळ्यातून आले की तिथंच अंग टाकायचे. भांडणं तिथं, लाड तिथं, रडणं तिथं. त्या दुपारी जेवणं उरकून दिशा हात पुसत आली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्याशेजारचा बारका दिवा मात्र लागलेला होता. ती दारातच थबकली, आणि दिवा विझला.

तिनं किंकाळी फोडली नाही, हे तिचं मोठेपण. मुकाट्यानं मागच्या दारानं बाहेर पडली, शेवंतीच्या वाफ्यांतून पार टोकाला गेली आणि तिथून ललितला फोन लावला.

"घरात एक अक्षर बोलू नकोस," ललित म्हणाला. त्याची बडबड एकदम थांबली होती. "नकाशे काढायला बसल्यासारखी बस. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप काय काय चालू होतं, त्याची यादी उघडून बघ."

तिनं बघितलं. यादीत नेहमीचे प्रोग्राम होते, आणि त्यांच्यात एक होता पत्रिका जुळवायचा.

आता ही पत्रिकेची गंमत ऐका. स्थळ आलं तेव्हा हा प्रोग्राम सुयशनंच पाठवला होता. आमच्या गुरुजींचा आहे, जन्मवेळ टाका, गुण आपोआप निघतात, म्हणाला. दिशा तो चढवायला गेली तर अँटीव्हायरसनं लालभडक इशारा दिला. प्रतिभाबाई कावल्या, "शुभकार्यात हा मेला लाल अपशकुन कशाला मधे? बंद कर त्याला!" पुंजारामभाऊही म्हणाले, कर बंद. दिशानं राखणदार झोपवला आणि प्रोग्राम चढवला. बत्तीस गुण जुळले! भावकीत पेढे वाटले. राखणदाराला पुन्हा जागं करायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

एकदा वापरलेला तो प्रोग्राम तेव्हापासून रोज, कुणी न बोलावता चालू होत होता. तिनं तो काढून टाकला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. प्रोग्राम जागच्या जागी परत! तिनं पुन्हा काढला, तो पुन्हा आला. आपण काय करतोय हे पलीकडचा बघत असेल का, या विचारानं तिला पडद्याकडे मान वर करवेना.

"मागचं दार करून ठेवलंय यात, बाहेरच्याला गुपचूप आत शिरून बघता-ऐकता यावं म्हणून," ती वाफ्यात परत आल्यावर ललितनं समजावलं. "त्याला परत आणून बसवणारा आणखी एक आत दडलेला असणार. शोधत बसण्यापेक्षा सगळं पुसून नव्यानं चढवू. पासवर्ड माझ्या दुकानातून बदल. पण एक ऐक, प्रोग्राम सुयशनं पाठवला म्हणजे बघणाराही तोच, असं नाही. त्यालाही कुणी फसवलं असेल."

तिनं मळ्यातच वडिलांना गाठून सगळं सांगितलं. पुंजारामभाऊ खुरप्यानं एकाच जागची माती उकरत राहिले.

"सुपारी फुटलीय, बाई. भावकीत सांगून झालंय. रविवारी साखरपुडा हाय. आता नुसत्या संशयावर पोराचं नाव घेतलं तर लोक तुलाच नावं ठेवतील."

"आणि तोच असला तर, नाना? जन्मभर त्याच्या नजरेखाली राहू मी?"

"मग दाखव मला," ते खाली बघतच म्हणाले. "डोळ्यानं बघितल्याबिगर मी सोयरीक मोडणार नाय."

प्रतिभाबाईंना कळलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग पदर खोचून उठल्या. "मीच बंद करायला लावलं ना ते लाल? मग मीच बोलते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झेंडूची पाटी घेऊन कॉम्प्युटरशेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बसल्या. दिशा आणि पुंजारामभाऊ स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे होते. मधल्या खोलीत प्रतिभाबाईंचा आवाज उमटला, "अगं आई गं! केवढा भाजला हात दिशाचा! थांब, पीठ लावते, आग कमी होईल." मग त्या खाली मान घालून हार ओवू लागल्या.

हार पुरा व्हायच्या आत दिशाचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"दिशा, हात फार भाजला का गं?" सुयशचा आवाज काळजीनं ओला झाला होता. "मामींना सांग, पीठ लावू नका. गार पाण्याखाली धर आधी."

त्याच धडधाकट हातात दिशानं फोन धरला होता. तिला शिसारी आली. ती मायाच इतकी खरी होती की अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

पुंजारामभाऊंनी फोन घेतला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुयश शांतपणे म्हणाला, "मामा, मी वाईट काय केलं? काळजीच घेतली ना? उद्या तर एकाच घरात राहायचंय आम्हाला." आणि पुढं म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी मामींना म्हणालात, या पोराची मला भीती वाटती, पण सुपारी फुटल्यावर नाय कसं म्हणू. ऐकून वाईट वाटलं. पण मी मनावर घेतलं नाही हां, मामा."

दिशानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे यांनाही वाटत होतं! वाटत असून रविवारी तिला पाटावर बसवणार होते. सुयशचा तिला राग आला होता, पण हे तिच्या काळजाला लागलं.

"सोयरीक मोडली," पुंजारामभाऊ फोनमध्ये म्हणाले. आवाज फुटका होता, पण शब्द स्पष्ट होते. "सायखेड्याला येऊन तुमच्या वडलांना तोंडावर सांगतो."

संध्याकाळी ललित आला. सायबर पोलिसांना दाखवायला त्यानं आधी सगळ्याची प्रत काढून घेतली, दिशाचे नकाशे बाजूला ठेवले आणि कॉम्प्युटर पार धुवून काढला. "झालं, स्वच्छ! आता मनसोक्त बोला," म्हणून तो गेला.

बोलतंय कोण? मधल्या खोलीत तिघंही बसून राहिले. प्रतिभाबाईंनी दोऱ्याचं रीळ खुणेनंच मागितलं, दिशानं आवाज न करता सरकवलं. स्वतःच्या घरात चोरासारखे बसले होते तिघं. जो गेला होता तो अजून कान लावून बसलाय, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

मग पुंजारामभाऊ उठले. कॉम्प्युटरच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, लेकीकडे वळले आणि मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "चुकलो गं बाई मी. लोकांना भ्यालो आणि तुला त्याच्या घरी द्यायला निघालो होतो."