नेरेईदाच्या दारात न थांबणारी रिकिंबिली

माझा भाऊ एबेलियो तीन महिने नेरेईदाच्या घराभोवती घिरट्या घालत होता आणि एकदाही उतरला नव्हता. लोक म्हणायचे, लाजतो. लाजतो कसला! त्याची रिकिंबिली एकदा थांबली की पुन्हा सुटायची नाही, एवढंच खरं कारण होतं.

ती गाडी त्यानं स्वतःच जुळवली होती. जुनी चिनी सायकल, डास मारायच्या फवाऱ्याचं इंजिन आणि पेट्रोलसाठी सरबताची प्लास्टिकची बाटली. इंजिनाची साखळी थेट मागच्या चाकाला. त्यामुळे चाक थांबलं की इंजिन बंद, आणि इंजिन चालू करायचं तर आधी पायडल मारून चाक फिरवायचं. एबेलियोचा उजवा गुडघा साखर कारखान्यातच कामी आला होता, कारखाना बंद पडायच्या आदल्या हंगामात. तो चालतो जेमतेम. पायडल मारायचं तर नावच नको.

आमचं गाव टेकडीवर, म्हणून घरून निघायची अडचण नव्हती. दारातून गाडी उतारावर सोडायची, चर्च येईपर्यंत इंजिन आपोआप खोकायला लागायचं. पण नेरेईदा राहते खाली, समुद्राकाठच्या गावात. तिथली जमीन ताटासारखी सपाट. नवरा गेल्यापासून ती खिडकीतून कॉफी विकते. या घिरट्या सुरू व्हायच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, एबेलियो तिथं ऐटीत उतरला, कॉफी प्याला, तिच्याशी तासभर बोलला आणि निघताना नुसताच गाडीवर बसून राहिला. शेवटी समोरच्या बदामाखाली डॉमिनो खेळणाऱ्या चौघांनी ढकलून दिलं. त्यातला ओरेस्तेस म्हणजे नेरेईदाचा दीर. तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी ढकलायला माणसं घरूनच आणा."

झालं. आमच्या घराण्यात पैसा नाही, पण मान ताठ ठेवायची खोड पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या दिवसापासून एबेलियो थांबेचना. पहिल्या फेरीला कशी आहेस म्हणून विचारायचा, दुसऱ्या फेरीला उत्तर ऐकायचा. ती कप धरून कठड्याशी उभी राहायची. हा जाता जाता उचलायचा, कोपऱ्यापलीकडं पिऊन रिकामा कप परत द्यायचा. साधी आमच्या डुकरिणीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगायला त्याला निम्मी बाटली पेट्रोल लागलं. मधली वाक्यं मागच्या गल्लीतल्या बायकांच्या कानी पडायची, त्या मग नेरेईदाकडे येऊन जोडून द्यायच्या.

असं म्हातारपणापर्यंतही चाललं असतं. पण एका बुधवारी मासळीवाल्याकडून कळलं की नेरेईदाचा मुलगा रविवारी ओल्गीनहून ट्रक घेऊन येतोय, आईचा पलंग, फ्रिज आणि आईला न्यायला. मी एबेलियोला म्हटलं, आता तरी विचार.

"गल्लीला फेऱ्या मारत मारत लग्नाचं विचारू?"

"मग उतर आणि विचार."

"आणि ती नाही म्हणाली तर? ओरेस्तेसनं ढकलून मला घरी पाठवायचं?"

मी विषय तिथंच सोडला. मी फटकळ आहे, पण दगड नाही.

रात्रभर विचार केला. तो गेला तर या घरात मी एकटी उरणार, हेही मनात आलं आणि आवडलं नाही. तरी सकाळी उठून मी आमच्या चुलतभावाकडे, सिल्वीनोकडे गेले. तो रानात कोळसा पाडतो आणि त्याच्याकडे झाडं कापायची मोडकी मोटार-करवत पडून होती. त्या करवतीत एक क्लच असतो. इंजिन हळू फिरतं तोवर तो साखळीला हातही लावत नाही, वेग वाढला की आपोआप पकडतो. सिल्वीनोनं बदल्यात माझी अंड्यावरची कोंबडी मागितली. दिली.

दोन दिवस अंगणात ठोकाठोक चालली. शनिवारी सकाळी एबेलियोनं इंजिनाची दोरी ओढून ते सुरू केलं. इंजिन फटफटतंय आणि चाक आपलं जागच्या जागी स्वस्थ. मग त्यानं हँडलची मूठ जराशी पिळली. पाय पायडलवर, पायडल हललं नाही, आणि माझा भाऊ सपाट अंगणातून राजासारखा निघाला. शेजारपाजारचे टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं. नंतर मी त्याला तेलाचे हात पडद्याला पुसले म्हणून बोलले.

त्याच्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी मागच्या कॅरिअरवर बसून बरोबर गेले. नेरेईदाच्या दारात गाडी थांबली. इंजिन चालूच. डॉमिनोवाले माना वळवून बघायला लागले. नेरेईदा कप घेऊन बाहेर आली आणि सवयीनं तो पुढं धरून उभी राहिली. एबेलियोनं घसा खाकरला.

"नेरेईदा, मला तुला..."

आणि आम्ही कोपऱ्यावर! माझा भाऊ घाबरला की मुठी आवळतो, लहानपणापासूनचं आहे ते. त्या नव्या क्लचला तेवढंच पुरेसं होतं. मी पाठीत गुद्दा घालून त्याला वळवून आणलं. दुसऱ्यांदा तो "तू उद्या" एवढं म्हणाला आणि पुन्हा कोपरा. तिसऱ्यांदा गाडी आडवी पळाली ती थेट बदामाखाली. टेबल उलटलं, सोंगट्या गटारापर्यंत गेल्या.

ओरेस्तेस चिडला नाही. चाकाकडे वाकून बघत म्हणाला, "च्यायला, न ढकलता जातेय की."

नेरेईदा चपला फटफटवत आली. वाकली, ॲप्रनच्या टोकानं धरून प्लगची टोपी उपटली. इंजिन गप्प झालं. ती घाबरली असेल, रागावली असेल, मला काही कळेना.

"तीन महिने तुझं अर्धं बोलणं शेजारणींकडून ऐकतेय," ती म्हणाली. "हे मी पुरतं ऐकणार. बोल."

एबेलियोनं मूठ पिळली. काही झालं नाही. पळायला वाटच उरली नव्हती. चेहरा असा पांढरा पडला की मला त्याची दया आली.

"उद्या जाऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न कर."

"आधी उतर."

त्यानं तो गुडघा कसाबसा दांड्यावरून ओढला आणि उतरला. तोल जात होता, म्हणून तिच्या खांद्याला धरलं.

"उतरलास ना?" नेरेईदा म्हणाली. "मग हो."

दुपारी नेरेईदाकडेच जेवलो, भात आणि तळलेली मासळी होती. मुलाची समजूत कशी घालायची याचा खल झाला. ओरेस्तेस म्हणाला, मी बोलतो त्याच्याशी. चार वाजता मी निघते म्हटलं, तर एबेलियो उठायला लागला. मी म्हटलं, बस तू, आजच तर बसायला मिळालंय. नेरेईदानं प्लगची टोपी लावली, त्यानं दोरी ओढून दिली. जन्मात मी मोटार चालवली नव्हती. डॉमिनोवाले ढकलायला बाह्या सरसावून उठले, त्यांना बाजूला केलं आणि मूठ पिळली.

वाटभर मला रडू येत होतं आणि हसूही. आता माझ्याशी भांडायला घरात कुणी नसणार, आणि हे मीच खटपट करून घडवून आणलं होतं.