मिरवणुकीतलं शेवटचं जनावर

"डोळ्यांवर पट्टी बांधा माझ्या, तरी काढतो," चित्रकार म्हणाला आणि फळीवर उभा राहून त्यानं कोऱ्या भिंतीसमोर हवेतच घोड्याची मान ओढून दाखवली. "इथंच होता. निळा. शाळा सुटली की रोज बघायचो मी."

खाली जुन्या वास्तूंच्या खात्याच्या बाई फाईल छातीशी धरून उभ्या होत्या. जुन्या वाड्याच्या त्या दालनात तीन भिंतींवर तीनशे वर्षांपूर्वी रंगवलेली मिरवणूक चालली होती. स्वार, नगारे, उंट, एक शिंकणारा शिपाईसुद्धा. चौथी भिंत पांढरीफटक. आणि खात्याचा नियम एकच, पूर्वी होतं तेवढंच पुन्हा काढायचं. नवी एक रेघही नाही.

"सर, आमच्या कागदांत या भिंतीवर काहीच नाही."

"तुमचे कागद कालचे. माझे वडील इथं पहारेकरी होते."

चाळीस वर्षं तो हाच एक निळा घोडा काढत आला होता. त्या घोड्यानं त्याला घर दिलं, बक्षिसं दिली, 'अंतर्मनाचा अश्व' असं लिहिणारे टीकाकारही दिले. आता तो मूळ जागी काढायला मिळाला, की जन्माचं सार्थक. म्हणून तर साक्षीला थोरल्या बहिणीला आणलं होतं. ती खुर्चीत बसून गुडघे चोळत होती.

"ताई, सांग यांना."

"काय सांगू?"

"घोडा, ताई! घोडा!"

"कसला घोडा रे बाळ्या? तिथं ओल होती. पाऊस झाला की वरून झिरपायचं. तू त्या डागाकडं तोंड उघडं टाकून बघत बसायचास. आई तर तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती."

बाईंनी फाईल मिटली. फार हळू, पण मिटली.

"ओल?" असं म्हणत चित्रकार दोन पावलं मागं सरकला. दोन टेबलांवर टाकलेली फळी तेवढी लांब नव्हती. तिचं दुसरं टोक उसळलं, त्यावरची पाण्याची बादली भिंतीवर आपटली आणि चित्रकार खाली चुन्याच्या पोत्यांवर बसला.

"लागलं का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग इकडं बघ."

भिंतीवरचा चुना भिजत होता, आणि भिजेल तसा काचेसारखा आरपार दिसायला लागला होता. त्याच्याआडून एक निळसर रेघ वर आली. मान, पाठ, पुठ्ठा. एवढंच त्यानं लहानपणी ओलीत पाहिलं होतं. पण बादलीचं पाणी आणखी पसरलं. रेघ शेपटीपर्यंत गेली, कुठंही न थांबता, न खोडता, जणू त्या हातानं मध्ये श्वासही घेतला नव्हता. बाईंनी फाईल खाली ठेवली. पाण्यातच ठेवली.

"कान जरा जास्तच लांब नाहीत का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"गाढव आहे ते," ताई म्हणाली.

गाढवच होतं. पाठीवर रंगाची मडकी आणि कुंचल्यांचा जुडगा. राजापासून शिपायापर्यंत सगळ्यांना काढून झाल्यावर त्या जुन्या चित्रकारांनी शेवटी आपलं सामान वाहणाऱ्याला काढलं होतं. मान वळवून ते थेट या तिघांकडं बघत होतं. एक थेंब त्याच्या डोळ्यावरून ओघळला, आणि त्यानं पापणी मिटली असंच वाटलं.

"चाळीस वर्षं," चित्रकार म्हणाला. ताईनं तोंडाला पदर लावला.

"म्हणजे होतं!" बाई भानावर आल्या. "मी आजच लिहिते. सर, काढा तुम्ही."

तो उठला, भिंतीजवळ गेला. हात वर केला आणि त्या पाठीपासून वीतभर अंतरावर तसाच धरून ठेवला. कानांची टोकं वाळून पुसट व्हायला लागली होती.

"फाईलमधलं माझं नाव खोडा," तो म्हणाला. "चुना खरवडणारा माणूस बोलवा. हलक्या हाताचा."

"आणि तुम्ही?"

"मी पाणी मारतो."

घरी गेल्यावर कपडेही न बदलता त्यानं कागद पुढ्यात घेतला आणि आयुष्यातलं पहिलं गाढव काढलं. कान मोजून लांब केले. ताईनं चष्मा पुसून, कागद हातभर लांब धरून नीट बघितला.

"घोडा छान आलाय," ती म्हणाली.