नायकाचा हात

पूनमसिंग नायकाला एकच कोडं सुटत नव्हतं. त्याच्यासारखा माणूस सरकारने एकच कसा काय मोजला?

पांढरकवड्याच्या पलीकडे, टेकडीला पाठ लावून त्यांचा तांडा. त्या टेकडीवर गिट्टीची खदान निघणार होती. पायथ्याशी झिरा, आणि तांड्याच्या घागरी, शेळ्या, सगळं त्या झिऱ्यावर. सुरुंग लागले की झिरा आटणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. खदानीला ग्रामसभेचा ठराव लागतो आणि तो होऊ द्यायचा नाही, एवढं नायकाला पक्कं समजलं होतं. पुढचा सगळा गोंधळच.

कायदा घरात आणला तो सुनेने. लखनची बायको बबिता एका संस्थेत कायद्याचं शिकून आली होती. पण सुनेने सासऱ्याशी तोंडावर बोलायची त्यांच्यात रीत नाही. त्यामुळे कायदा बबिताच्या तोंडून चुलीपाशी निघायचा, मानीबाईच्या कानात शिरायचा आणि तिच्यामार्फत ओट्यावर तिच्या नवऱ्यापर्यंत, म्हणजे नायकापर्यंत पोचायचा. वाटेत मानीबाई आपलं तिखटमीठ लावायचीच. तरी मुख्य गोष्ट तिने जशीच्या तशी पोचवली होती: सभेत प्रत्येकाने आपापला हात वर करायचा.

नायकाला ते मुळीच पटलं नाही. तांड्यात सोयरीक असो की भांडण, बाहेरच्यासमोर बोलतो तो एकटा नायक. बाकीचे त्याच्यामागे गप्प बसतात आणि ते गप्प बसणं म्हणजेच होकार. बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. सरकारी माणसासमोर सगळेच कलकल करायला लागले तर तांड्याची अब्रू ती काय राहिली? त्याने घरोघर बजावलं, कोणी हात हलवायचा नाही, मी बोलतो.

सभेत तो बोललाही झकास. पागडी नीट करून उभा राहिला आणि टेकडी, झिरा, तांड्याच्या चार पिढ्या, सगळं सांगून मोकळा झाला. मागे तांडा चिडीचूप. नायकाचा ऊर भरून आला. ग्रामसेवकाने विचारलं, आणखी कोणाची हरकत आहे का? कोणी पापणीसुद्धा हलवली नाही. मग त्याने लिहून टाकलं की एकाची हरकत, बाकी सर्व राजी. ठराव मंजूर.

"एकाची कशी?" नायक म्हणाला. "मी नायक आहो. माह्या मागं पुरा तांडा हाय."

"असन बाप्पा मागं," ग्रामसेवक म्हणाला, "पण त्याहीचे हात कुठी हायेत?"

घरी येऊन नायक जेवला नाही. ग्रामसेवकाने फसवलं म्हणावं, तर त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं. तांड्याने दगा दिला म्हणावं, तर तांडा त्याचंच ऐकून बसला होता. शेवटी सुनेला ऐकू जाईल अशा बेताने तो मानीबाईला म्हणाला की हे कायद्याचं खूळ घरात शिरलं तेव्हापासूनच सगळं बिनसलं. मानीबाईने ताट पुढे सरकवलं आणि सांगितलं की सून बरोबर बोलली होती, निरोपही बरोबर पोचला होता, ऐकणाऱ्याचेच कान बंद होते.

बबिता मात्र हातावर हात धरून बसली नाही. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती घेतलीच नव्हती. तिने सासूला बरोबर घेऊन पांढरकवड्याला अर्ज दिला, हेलपाटे घातले आणि ठराव रद्द करवून सभा पुन्हा लावायला लावली. बायकांच्या सभेत नायक नव्हताच. तिथे हातच हात वर झाले. मानीबाईने तर दोन्ही केले. एक खाली घ्यायला लावला म्हणून ती रुसली.

मग पुन्हा मोठी सभा. या खेपेला नायकाने कोणालाच काही बजावलं नव्हतं. खदान नको कोणाला, असं विचारल्यावर त्याने स्वतःचा हात वर केला आणि मागे पाहिलं. एकही हात नाही. बाया, बाप्ये, सगळे त्याच्याकडेच बघत होते, जन्मभर बघत आले तसे. बबिताची मान घुंगटात खाली होती. काय करावं ते नायकाला सुचेना, आणि का केलं ते पुढेही त्याला नीट सांगता आलं नाही. त्याने डोक्यावरची पागडी काढली, मानीबाईच्या मांडीवर ठेवली आणि लोकांत खाली बसला.

"आज इथं नायक नाही," तो म्हणाला. "ज्याचा त्याचा हात."

आधी एका म्हातारीचा हात वर झाला. मग बांगड्या वाजल्या, मग सगळीकडूनच हात उठले. ग्रामसेवक मोजता मोजता थकला. शेवटी त्याने रिवाज म्हणून विचारलं, खदान हवी कोणाला? गावातले दोन-चार हात आले. आणि पाठीमागून, भिंतीला टेकलेल्या लखनचा.

खदानीचा ठराव पडला. लोकांनी नायकाला उचलायचंच बाकी ठेवलं होतं, पण त्याला आनंद करावा की रडावं तेच कळेना. लखन हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, महिन्या-महिन्याने घरी यायचा. खदान निघाली तर घराजवळच टिप्पर चालवायला मिळाला असता, हे त्याने कधी बापाला म्हटलं नव्हतं. म्हणायला बापाने विचारलंच कुठे होतं?

परतताना नायकाने त्याला गाठलं. "मागच्या सभेत तू गप्प होता," तो म्हणाला.

"गप्पच होतो, बा."

लखन पुढे निघून गेला. नायक वाटेतच थांबला. बापाच्या मागे, आज्याच्या मागे, त्याच्या मागे इतकी वर्षं लोक गप्प बसले होते. त्यातले किती राजी होते आणि किती नुसतेच गप्प? मागून सासू-सुना येत होत्या. रीत बाजूला ठेवून तो पहिल्यांदाच सुनेशी बोलला.

"बबिता, लखनचं तुले माहीत होतं?"

बबिताने घुंगट सावरला. मग म्हणाली, "हो, मामाजी."

मानीबाईने पागडी पुढे केली. नायकाने ती घेतली आणि घरापर्यंत हातातच धरून नेली.