ओल मोजणारा

मित्रांनो, मी मातीत उभा असलेला, दोन दातांचा एक जुना सेन्सर आहे. आता थकलो आहे.

मातीत ओल किती, एवढंच मला कळतं. माती कोरडी झाली की मी वायरीतून तसं कळवतो आणि पाण्याचा कॉक आपोआप उघडतो. आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर मजल्यामजल्याला मातीच्या पेट्या आहेत. त्यांतल्या वेलींमुळे भिंत तापत नाही, खोल्या गार राहतात. नवा होतो तेव्हा लोक पाहुण्यांना मुद्दाम खाली आणून मला दाखवत. हाताशी असावा म्हणून मला सर्वांत खालच्या पेटीत बसवलं होतं. वरच्या सगळ्या पेट्यांच्या वतीनेही मीच बोलायचं होतं.

तळमजल्यावरच्या मावशी मायाळू. भाजी धुतलेलं पाणी त्या रोज माझ्या पेटीत ओतत. माझ्याभोवती कायम चिखल. मी खरं तेच सांगत राहिलो, की ओल आहे. कॉक उघडेना. वर वेली वाळत गेल्या, ते मला खाली कसं कळणार?

चौथ्या मजल्यावरचे आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खिडकीवरची वेल गेली आणि दुपारी खोलीची भट्टी होऊ लागली. रहिवाशांची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, हे हुशार यंत्र घरजावयासारखं आहे, नुसतं बसून असतं. सगळे हसले. वेली काढून एसी लावायचं जवळजवळ ठरलंच. पण ती हवा आजोबांच्या छातीला सोसत नसे. त्यांच्या सुनेने रविवारपर्यंत मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने खाली येऊन माझ्या पेटीत बोट घातलं. बोट चिखलाने माखलं. तेवढ्यात मावशी पातेलं घेऊन आल्या.

"मावशी, इथे तुम्ही पाणी घालता?"

"रोज घालते की. का गं?"

"वर सगळं वाळलंय. हा इथली ओल बघून वरचं पाणी बंद ठेवतो."

मावशींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "अगं बाई! म्हणजे आजोबांची सावली मी घालवली?"

"तुम्ही निदान पाणी तरी घातलंत. आम्ही वर असून मातीला हात लावला नाही."

रविवारी तिने सर्वांना माझ्या पेटीतली आणि चौथ्या मजल्यावरच्या पेटीतली माती दाखवली. वेली काढायचं रद्द झालं. वायर वाढवून मला चौथ्या मजल्यावर आणलं. निम्म्या वेली मेल्याच होत्या. उरलेल्यांना कोंब फुटले. आजोबांच्या उशीवर आता दुपारी ओंजळभर सावली पडते.

इथे ऊन फार आहे. माझ्या दातांवर क्षारांचा पांढरा थर चढलाय. उद्या मी चुकेनही. सून रोज सकाळी माझ्याशेजारी मातीत बोट घालून बघते. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट जरा विसावल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रं जरूर लावा, पण मातीत बोट घालायचं सोडू नका. मी जिथे उभा असतो, तिथलंच मला सांगता येतं.