फळ्यावरचं बंगळूर

मी टर्नर आहे. फोरमन नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या आठवड्यात हे ऐकून घ्यायला अख्ख्या पेठेत एक माणूस तयार नव्हता.

चौऱ्याहत्तर सालची, कोल्हापुरातली गोष्ट. सकाळी गंगावेशीत दूध प्यायला निघालो होतो. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. मी दिसलो की तो न विचारता मोठा पेला उचलायचा. तरुणपणी चार कुस्त्या मारल्या होत्या, ती पुण्याई अजून चालू होती. तर त्या सकाळी वाटेतच पानवाल्याने मला मिठी मारली.

"अभिनंदन, फोरमनसायब! पेढं कवा?"

"कसला फोरमन?"

"आता बघा! तालमीचा फळा वाचा की जाऊन."

आमच्या तालमीच्या दारात, पायऱ्या चढून गेलं की, एक मोठा काळा फळा आहे. पेठेत काहीही घडलं की गैबी त्यावर खडूने लिहितो. कुणाचा पोरगा मॅट्रिक झाला, कुणाची बैलजोडी शर्यतीत पहिली आली, कोण वारलं, सगळं फळ्यावर. गैबी धंद्याने पेंटर, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं. पेठेतली माणसं पेपर वाचोत न वाचोत, फळा वाचल्याशिवाय चहा पीत नाहीत. आणि फळ्यावर आलं म्हणजे ते झालंच, त्यात पुन्हा शंका नाही.

त्या दिवशी तीन रंगांच्या खडूंनी लिहिलं होतं: 'आपल्या तालमीचे पैलवान कृष्णात पोवार यांची बंगळूर येथील प्रचंड कारखान्यात फोरमनपदी निवड झालेबद्दल हार्दिक अभिनंदन! रविवारी सायंकाळी भव्य सत्कार.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अजून हो म्हटलेलंच नव्हतं!

झालं होतं ते एवढंच. उद्यमनगरात आमच्या गणपतरावांच्या कारखान्यात बंगळूरचा एक इंजिनिअर इंजिनाचे सुटे भाग बघायला आला होता. लेथवर लोखंड कातायचं माझं काम त्याला आवडलं. जाताना म्हणाला, आमच्याकडे टर्नर हवेत, तू ये. राहायला क्वार्टर, घरात नळ, आठ तासांची पाळी. महिनाअखेरपर्यंत कळव.

मी विचार करत होतो. विचार करायला माणसाला थोडी शांतता लागते, आणि ती आमच्या पेठेत विकतसुद्धा मिळत नाही. क्वार्टर चांगली, पाळी चांगली, हवा चांगली. पण मुलूख परका, भाषा कानडी. आणि खरं सांगायचं तर भाषेची भीती नव्हती, भीती दुसरीच होती. तिथे मला कोण ओळखणार? कोल्हापुरात मी कृष्णात पैलवान. बंगळुरात छातीवर नंबराचा बिल्ला लावलेला कुणीतरी. तिथे मोठा पेला कोण भरणार? ही गोष्ट मी फक्त गैबीजवळ बोललो होतो, तीही कुणाला सांगू नकोस म्हणून बजावून.

तसाच त्याच्या दुकानावर गेलो. तो कुठल्याशा दुकानाची पाटी रंगवत बसला होता.

"गैब्या, तुला काय सांगितलं हुतं मी?"

"कुनाला बोलू नगंस म्हनलास."

"मग?"

"मी कुठं बोललो? मी लिवलं." तो मान वर न करता म्हणाला. वर त्याचा चेहरा असा, की चूक माझीच.

"आन् फोरमन कुठनं काढलास रं? टर्नर हाय मी!"

"टर्नर लिवलं तर सत्काराला कोन यील? आण्णा म्हनलं, फोरमन लिव. शोभतंय."

आण्णा म्हणजे तालमीचे अध्यक्ष. पेठेत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा, आणि तो त्यांना कुठेही पुरत नाही म्हणून त्यांनी तालमीसाठी लाउडस्पीकरचा कर्णा विकत घेतला होता.

"पुसून टाक आत्ताच्या आत्ता."

"सांजच्या आदी फळा पुसत न्हाईत. तालमीचा नेम हाय. आन् पुसून उपेग काय? समद्यांनी वाचलंय की."

गैबीचा गळा धरावासा वाटत होता. पण लहानपणापासून एका मातीत लोळलेलो, हात उचलला नाही. दात-ओठ खात घरी आलो.

घर म्हणजे चाळीतली एक खोली, पाण्याला सगळ्यांत मिळून अंगणात एक नळ. माझी बायको शालन दारात भरलेली घागर ठेवून उभी होती. पेठेतल्या बायका तिला शालूबाई म्हणतात.

"नळावर कळलं मला," ती म्हणाली, "आपुन कुठं जानार हाय त्ये."

"अजून ठरलं न्हाय काय बी."

"मग गैबीला कसं ठावं?"

उत्तर नसलं की मी ओरडतो. चहा अजून का झाला नाही म्हणून ओरडलो आणि कामावर निघून गेलो.

तिथे आणखी एक तमाशा. माझ्या लेथवर ज्ञानू उभा! कालपर्यंत तो ड्रिलवर होता. त्या लेथला दर खंडेनवमीला मी माझ्या हाताने हार घातला होता, दुसऱ्याला तेलाचा थेंबसुद्धा सोडू दिला नव्हता. मालक गणपतराव केबिनमधून बाहेर आले, पाठीवर थाप मारली.

"नाव काढलंस गड्या. फळा वाचला म्या."

"मालक, माझं मशीन?"

"आता तू जानार. मशीन मोकळं ठिवून माझं कसं भागंल? ज्ञानूला हात बसवू दे तवर. तू आठवडाभर त्याच्या मागं हुबा ऱ्हा, शिकीव."

म्हणजे मी जायचं की नाही हे मी सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं. आठवडाभर मी ज्ञानूच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिलो आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घातल्या. रस्त्याने जाताना जो तो विचारायचा, कवा निघाला? साहेब, आमच्या पोराला तिकडं चिकटवा की. गवळ्याने तर डोळ्यांत पाणी आणून पेला भरला. त्याच्यावरही मी खेकसलो.

शालनने आठवड्यात एकदाच विषय काढला. भाकरी थापता थापता म्हणाली, "तिथं नळ घरात असतोय व्हय?"

"घरात."

"म्हंजे पान्याला भाईर जायाला नगं."

"न्हाय लागत."

ती तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बाईला घागरी वाहायचा कंटाळा आलाय. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्यावर घरात आम्ही कधी बोलत नव्हतो, आणि बोलत नाही म्हणजे दुखत नाही अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

रविवार उजाडला. तालमीपुढे मांडव, हलगी, कर्णा. समोरच्या घरांच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या, त्यांत शालन होती. मला खुर्चीत बसवून डोक्याला फेटा बांधला, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. गणपतराव पुढच्या रांगेत. मी रागाने घुमसत होतो, पण फेट्याखालच्या माणसाचा राग कुणाला दिसत नाही. लोकांना वाटलं, गडी भारावला.

आण्णा माइकपुढे उभे राहिले. पेठेचं नाव दक्षिणेत दुमदुमणार वगैरे झालं. फोरमन हा शब्द त्यांनी इतक्या वेळा घेतला की मी मोजायचंही सोडून दिलं. मग त्यांना हसवायची हुक्की आली.

"बंगळूरची हवा लई थंड हाय म्हनत्यात! हितं सहा वरसांत जमलं न्हाय त्ये तिथं जमवा म्हनावं! पुढच्या खेपंला पाळना घिऊन या, पैलवान!"

माणसं खो खो हसली. कर्णा इतका मोठा की तो विनोद पार रंकाळ्यापर्यंत ऐकू गेला असेल. मी पायऱ्यांकडे बघितलं. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्यांच्यामध्ये शालन गुडघ्यावरच्या लुगड्याची चुणी सरळ करत होती. पुन्हा पुन्हा तीच चुणी.

माझं डोकं फिरलं. फेटा उपसून टेबलावर आदळला आणि आण्णांच्या हातातून माइक हिसकावला.

"मी जात न्हाय! बंगळूरला न्हाय, कुठंच न्हाय! आन् मी फोरमन बी न्हाय, टर्नर हाय! जावा समदी घरला!"

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. आण्णा दोन पावलं मागे सरले, माझ्याकडे बघत राहिले, आणि पुढे येऊन त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"बघा रं बघा! पेठंची माती सोडवंना गड्याला!"

हलगी कडाडली. पोरांनी मला खांद्यावर उचललं. मी वरून शिव्या देतोय आणि खाली माणसं नाचताहेत! गणपतराव गर्दीतून ओरडले, "ज्ञानूला हलिवतो मी, उद्या तुझ्या मशीनवर ये!" एवढा राग मी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि तो एवढा फुकट कधी गेला नव्हता.

घरी आलो. शालनने ताट वाढलं आणि पाठ करून बसली.

"तुझ्यासाठी बोललो मी," मी म्हटलं.

"माझ्यासाठी?" एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात काहीतरी होतं. पण काय होतं ते कळलं नाही, म्हणून मी तिच्यावरही चिडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नवा मजकूर: 'बंगळूरचे फोरमनपद लाथाडून पेठेच्या मातीशी इमान राखणारे कृष्णात पोवार यांचे जाहीर अभिनंदन!' खाली गैबीने वाघाचं तोंडही काढलं होतं. आण्णा, गैबी, चारसहा माणसं पायऱ्यांवर उभी होती. येणारा-जाणारा पाठ थोपटत होता. खोटं कशाला बोलू, दोन क्षण बरंही वाटलं.

तेवढ्यात नळावरून शालन आली. कमरेवर भरलेली घागर. थांबली, फळा वाचला. सातवीपर्यंत शिकली आहे ती. मग सरळ तालमीच्या पायऱ्या चढायला लागली.

आमच्या तालमीची पायरी बायका चढत नाहीत. कधीच कुणी चढली नव्हती.

"अगं ए पोरी!" आण्णा ओरडले. "बायकांनी वर यायचं न्हाय, ठावं न्हाय व्हय?"

"मग फळा खाली लावायचा हुता," ती म्हणाली.

तिने घागर खाली ठेवली, पदराचा शेव पाण्यात बुडवला आणि फळा पुसायला लागली. इमान पुसलं, माती पुसली, वाघाचं तोंड पुसलं. शेवटी माझं नाव पुसलं. कुणाची हलायची छाती झाली नाही. मग ती माझ्याकडे वळली. ती एवढी संतापलेली मी कधी बघितली नव्हती. घरात संतापायचं काम माझं होतं.

"माझ्यासाठी बोललासा म्हनं. मला इचारलासा? गैबीला सांगितलासा, कर्न्यावरनं समद्या गावाला सांगितलासा. मला काय पायजे त्ये इचारलासा?"

"शालन, घरी चल."

"न्हाय, हितंच. सहा वरसं रोज नळावर जाते. रोज कोन ना कोन इचारतंय, काय इशेष? घागर भरस्तवर इचारत्यात. काल ह्या आण्णांनी कर्न्यावरनं इचारलं. त्या गावात मला कोन वळखत न्हाय. पानी घरात भरीन, दार लावून घीन, कोन इचारायला यायचं न्हाय. तेवढ्यासाठी जायाचं हुतं मला. आन् तुमी माझ्या नावानं न्हाय म्हनून आलासा."

माझ्या तोंडातून काहीतरी निघायचं म्हणून निघालं, "तिकडं समदी कानडी बोलत्यात."

"मला येतंय कानडी. म्हायेरी, कागलला, आमच्या शेजारची घरं कानडीच हुती. तुमाला ठावं न्हाय, कारन त्ये बी कवा इचारलासा न्हाई."

आण्णा पुढे सरसावले. "पोरी, चेष्टा केली गं मी. मनावर घ्यायचं न्हाय."

"आण्णा, गप बसा!" मी ओरडलो. तालमीच्या दारात आण्णांना कुणी असं बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर मात्र कळलं की राग आण्णांवर निघाला असला तरी खरा तो माझ्या स्वतःवरच होता. तिथे मला कोण ओळखणार, या एका गोष्टीने मी इतके दिवस अडून बसलो होतो. आणि माझ्याच घरात, चुलीपुढे बसून, ती नेमकी त्याच गोष्टीची वाट बघत होती.

"जायाचं?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. तिने घागर उचलली. पदराच्या शेवातून खडूचं लाल-पांढरं पाणी पायरीवर गळत होतं.

गैबी खडू घेऊन पुढे आला. मोकळ्या फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता काय लिवू रं?" बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं.

"लिव. कृष्णात आन् शालन पोवार बंगळूरला चाललीत."

त्याने लिहिलं. मग नावाच्या पुढे खडू तसाच धरून थांबला.

"टर्नर लिव, गैब्या," मी म्हटलं. "टर्नर."